थेंब पडला पाहिजे

साबणाच्या कारखान्यातला नवा तेलपंप तीन महिन्यांत चौथ्यांदा जागीच बसला, तेव्हा साहेबांनी थोरल्या फिटरला केबिनमध्ये बोलावलं. "शनिवारपर्यंत कारण पाहिजे. मशीनचा दोष असेल तर मशीन बदलू, माणसाचा असेल तर माणूस बदलू."

"माणसाचाच आहे," फिटर छाती काढून म्हणाला. "नावासकट आणून देतो."

बोलून बसला आणि जिना उतरताना मधल्याच पायरीवर थबकला. कारण त्याच्या मनात एकच नाव होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या जावयाचं होतं.

जावई त्याच पंपावर ऑपरेटर. मुलीनं स्वतःच निवडलेला. लग्नाला चार वर्षं झाली तरी फिटरला तो पचला नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण कामावर शीळ घालायचा, आणि सासरी आला की जेवायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून सासूच्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायचा. फिटरच्या हाताला आवळायची खोड होती. त्याच्या घरातले नळ उघडायला शेजारच्या पैलवानाला बोलवावं लागे. "पण माझ्या घरात कधी काही गळलं?" असं तो वर विचारायचा.

आता पंपाचं म्हणाल, तर गिअर पंप साधा प्राणी. दोन दातेरी चाकं एकमेकांत दात अडकवून फिरतात आणि तेल पुढं ढकलतात. तो कशानं मरतो हे फिटरला तोंडपाठ होतं. तेलात कचरा आला, पंप कोरडा फिरवला, थंडीत गोठलेलं तेल ओढायला लावलं की संपलं. पण सगळ्यात वाईट म्हणजे ग्लँड आवळणं. दांडा पंपातून जिथं बाहेर येतो तिथं दोरीसारखं पॅकिंग ठासलेलं असतं आणि ग्लँडचे दोन नट ते दाबून धरतात. तिथून अधूनमधून तेलाचा एखादा थेंब गळायलाच हवा, त्यानंच दांडा गार राहतो. नट जास्त आवळले की थेंब बंद, दांडा लाल, पॅकिंगचा कोळसा. "थेंब पडला पाहिजे" हे वाक्य फिटरनं स्वतः भिंतीवर लाल रंगानं लिहिलं होतं.

चारही वेळा पॅकिंगचा कोळसाच निघाला होता. फिटरनं हजेरीचं रजिस्टर उघडलं. जावयानं तीन महिन्यांत चारच रजा घेतल्या होत्या, आणि पंप नेमका त्याच चार दिवशी बसला होता! हातच्या काकणाला आरसा कशाला? नट आवळायचे, रजा टाकायची, आणि पंप बसला की घरी पाय पसरून बसायचं. नाव दिलं तर पोरीचा संसार उघड्यावर. नाही दिलं तर तीस वर्षांची अब्रू गेली, तीही निवृत्तीला दोन महिने उरले असताना. तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी नेहमीची फेरी मारून, चहा पिऊन, तो पंपासमोरच्या पिंपांमागं दबा धरून बसला. फरशी पुसणाऱ्या मावशींनी वाकून पाहिलं.

"काय भाऊ, या वयात लपंडाव?"

"गप बसा हो! चोर पकडतोय."

तेवढ्यात जावई शीळ घालत आला. इकडंतिकडं बघितलं, खिशातून पाना काढला आणि ग्लँडच्या नटाला लावला.

"पकडला!" फिटर पिंपांमागून उसळला. गुडघा कटकन वाजला, पण आवाज चढाच होता. "लाज नाही वाटत, जावईबापू? माझ्या पोरीचा तरी विचार करायचात!"

जावयाच्या हातून पाना पडला. मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या बघत राहिल्या. त्या शांततेत पंपाखालच्या ताटलीत टप्प आवाज झाला.

थेंब पडला होता.

फिटर ताटलीकडे बघतच राहिला. "म्हणजे... तुम्ही सैल केलात?"

"रोजच करतो, मामा."

"का?"

जावई पडलेला पाना उचलायला वाकला. उत्तर मावशींनी दिलं. "कारण रोज सकाळी तुम्ही आवळता, भाऊ. चहाचा ग्लास डाव्या हातात, पाना उजव्यात. आजही आवळलात. मला वाटलं, नेमच असेल तुमचा."

फिटरनं हात वर करून बघितला. पाना त्यात होताच. जुना पंप इतका झिजलेला होता की कितीही आवळा, तो गळायचाच. पंप नवा आला, पण हाताला ते कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्या चार दिवशी सैल करणारा घरी होता, त्या चार दिवशी पंप मेला होता.

"मग मला सांगायचं नाही का, गाढवा?" तीन महिन्यांच्या रागात तो 'जावईबापू' पार विसरला.

"तुम्ही शिकवणार, मामा, आणि मी तुम्हाला सांगणार? भिंतीवरचं वाक्य तुमचंच आहे. सासूबाईंच्या बरण्यांचं तरी कधी बोललो का?"

फिटरला भडभडून आलं. हा पोरगा चार वर्षं आपल्या मागं मागं फिरून आपण आवळलेलं सगळं मुकाट्यानं सैल करतोय, आणि आपण त्याचं नाव साहेबांना द्यायला निघालो होतो.

दुपारी तो केबिनमध्ये गेला. "माणूस सापडला, साहेब. मीच."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, दोन महिने राहिलेत तुमचे. काय करू मी?"

"म्हणाला होतात ना, माणूस बदलू? बदला. तो पंप जावयाच्या ताब्यात द्या. माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो." हे वाक्य तोंडातून काढताना त्याला तीस वर्षांत पडले नव्हते एवढे कष्ट पडले.

सोमवारी सकाळी फिटर पंपापाशी आला. डाव्या हातात चहा होता. पाना त्यानं घरी ठेवला होता, पण उजवा हात आपोआप नटाकडे निघालाच. जित्याची खोड!

जावयानं शीळ थांबवली आणि आपला भरलेला चहाचा ग्लास त्या हातात दिला.

"जरा हाही धरा, मामा."

दोन्ही हातांत दोन गरम ग्लास घेऊन फिटर उभा राहिला. खाली ताटलीत थेंब पडला. थोड्या वेळानं आणखी एक पडला. जावयाला ग्लास परत घ्यायची घाई नव्हती, आणि फिटरही मागं सरला नाही.