गुणाजींच्या उशाचा खलबत्ता

मी पितळेचा खलबत्ता बोलतोय. लहान आहे, ओंजळीत मावतो. पण वजनदार आहे. मला कुणी शोभेला आणलं नाही. कामाला आणलं, मी काम केलं.

कल्याणच्या बाजारात रंगूबाईनं मला निवडलं. तिच्या नवऱ्याचे, गुणाजींचे, दात गेले होते. विडा सुटला नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर घण चालवलेला माणूस तो.

"मी देऊ का कुटून?" रंगूबाईनं विचारलं.

"दात गेलेत. हात आहेत," गुणाजी म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांच्या उशाशी. पुढे रंगूबाई गेली. मी राहिलो.

पारनाक्याजवळच्या चाळीतलं घर. पुढे पडवी, मधे खोली, मागे स्वयंपाकघर. गुणाजींची खाट पडवीत. उजाडलं की ते पान-सुपारी माझ्यात घालून कुटायचे. टण, टण. तो आवाज ऐकून सून कलावती चहा टाकायची. भिंतीपलीकडच्या सखुबाई चूल पेटवायच्या. एकदा तापामुळे गुणाजी कुटायला उठले नाहीत, तर सखुबाई पदराला हात पुसत दारात हजर.

"काय गुणाजीभाऊ, वर गेलात की काय?"

"जाईन तेव्हा तुला विचारून जाईन."

असं चाललं होतं.

नात शालू रोज गाडीनं मुंबईला कॉलेजात जायची. समाजशास्त्र. त्या वर्षी तिच्या वर्गाला वृद्धांचा अभ्यास लागला. घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, असं सरांनी सांगितलेलं. शालू खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, तुम्हाला एकटं वाटतं?"

"दोन खोल्यांत एवढी माणसं. एकटं वाटायला जागा कुठाय?"

"काम करताना हात दुखतात?"

"तुझे दुखत नाहीत लिहून?"

शालू हसली. पण बत्ता धरलेला हात थरथरताना तिनं पाहिला होता. आत जाऊन ती आईला म्हणाली, "या वयात श्रम कमी करायला हवेत गं. निदान विडा तरी आपण कुटून देऊ."

प्रेमानंच म्हणाली. कलावतीनंही मला प्रेमानंच उचललं. "मामंजी, उद्यापासून मी देते कुटून."

गुणाजींनी भिंतीकडे तोंड केलं. मागण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. स्वतःची वस्तू परत मागण्याचा तर नव्हताच.

मी स्वयंपाकघरात आलो. डब्यांच्या शेजारी. वेळ तीच, आवाज तोच, हात मात्र वेगळा. पडवीत काय चाललंय ते मला कळेना. वाटीत दिलेला विडा पुष्कळदा तसाच परत यायचा. कलावती म्हणायची, "आजकाल भूकच नाही त्यांना." मला घोर लागला.

थंडीतली ती सकाळ. वारा नको म्हणून पडवीचं दार लोटलेलं. कलावती कुटू लागली. मधल्या खोलीतून तिचा नवरा पंढरी पांघरुणातूनच म्हणाला, "बाबा उठले वाटतं. चहा टाक."

"अहो, मी कुटतेय! झोपेत आहात का?"

दोघं हसली. भिंतीपलीकडून सखुबाई ओरडल्या, "गुणाजीभाऊ, आज जोर आहे हो हाताला!"

उत्तर आलं नाही. गुणाजी उत्तर दिल्याशिवाय राहणारे नव्हते. मला ओरडावंसं वाटलं. पण घाव पडला की मी वाजणार, एवढंच माझ्या हाती. मी वाजत राहिलो. आणि मी वाजतोय म्हणून कुणी दार उघडलं नाही.

शेवटी वाटी घेऊन शालू गेली. वाटी पडल्याचा आवाज आला, मग तिची किंकाळी.

गुणाजी खाट आणि भिंत यांच्या मधे पडले होते. उजाडायच्या आधीच पडलेले. अंग गार. एक पाय हलेना.

"आजोबा, हाक का नाही मारली?"

"हाका मारायची सवय नाही," ते कसेबसे म्हणाले. "खलबत्ता ऐकला. म्हटलं, घराचं माझ्यावाचून चाललंय."

त्या दिवशी शालू कॉलेजात गेली नाही. डॉक्टर येऊन गेल्यावर तिनं मला घासलं, पडवीत आणलं आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्हाला काय दुखतं-खुपतं, तेवढंच विचारलं मी," ती म्हणाली. "रोज काय करता, ते विचारलंच नाही."

"कॉलेजात सगळं शिकवत नसतील," गुणाजी म्हणाले. बत्ता मात्र त्यांनी घट्ट धरला.

आता ते खाटेवरून उठत नाहीत. बसून कुटतात. घाव हलका पडतो, मधे लांब खंड पडतो. त्या खंडात कलावतीचा हात थांबतो, शालूची वेणी अर्धी राहते, सखुबाईंची फुंकणी तोंडापाशीच राहते.

बायांनो, सुपारी जाडी राहिली तर राहू द्या. माझ्यावरचा तो हात काढू नका. आणि मी नुसता वाजतोय म्हणून निर्धास्त राहू नका. दार उघडा, पाहा.

आत्ताच एक घाव पडलाय. पुढचा अजून पडायचाय. शालू दार उघडून उभी आहे.