सागवानी मजल्याची परीक्षा

घरी त्या दोघी नणंद-भावजय होत्या आणि कामावर आर्किटेक्ट आणि इंजिनिअर. घरी त्यांचं कधी वाजत नसे, कारण सगळी भांडणं कामावरच उरकलेली असत.

या वेळचं भांडण एका मजल्यावरून होतं. गोऱ्या साहेबांच्या काळातलं जुनं तारऑफिस एका कंपनीने घेतलं होतं आणि तिथे नवी कार्यालयं व्हायची होती. वरच्या दालनाची जमीन रुंद सागवानी फळ्यांची होती. तारबाबूंच्या खुर्च्या जिथे सरकत, तिथे फळ्या झिजून उथळ वाट्यांसारख्या झाल्या होत्या. नणंदेचा त्या जमिनीवर जीव जडला होता. मालक म्हणत, लाकूड काढा, काँक्रीट घाला, डोक्याला ताप नको. बऱ्याच मनधरणीनंतर ते एवढ्यावर आले होते, की वजनाच्या चाचणीत मजला टिकला आणि इंजिनिअर म्हणून वहिनीने सही केली, तरच लाकूड राहील.

"नापास केलंस ना वहिनी, तर महिनाभर बोलणार नाही तुझ्याशी," नणंद म्हणाली.

"बरं होईल. पेपर तरी शांतपणे वाचून होईल."

चाचणी साधी होती. वर पिंपं मांडून त्यांत हळूहळू पाणी भरायचं आणि खालून तुळया किती वाकतात ते मापकांवर पाहायचं. मापक म्हणजे घड्याळासारखी छोटी तबकडी. केसाएवढी हालचाल झाली तरी काटा सरकतो. मग पाणी सोडून द्यायचं. वाकण्यात लाकडाला कमीपणा नाही, पण ओझं उतरल्यावर ते पुन्हा वर यायला हवं.

वहिनी वर पाण्याच्या नळीपाशी उभी राहिली. मापकं बसवण्याचं काम नणंदेने आपणहून अंगावर घेतलं.

पिंपं निम्मी भरली तरी काटे जवळजवळ जागचे हलले नाहीत. मालक खाली उभे राहून बघत होते. नणंदेचा आवाज जिन्यातून घुमला. "पाहिलंत? पोलादसुद्धा लाजेल!"

वहिनीला मात्र हे ऐकून बरं वाटेना. पोलादही या ओझ्याखाली याहून जास्त वाकलं असतं. तिने नळ बंद करायला लावला आणि ती खाली आली.

खालची जमीन वायरी टाकायला खणून ठेवलेली होती. मापकांचे स्टँड उभे करायला सपाट जागा कुठेच नव्हती. म्हणून नणंदेने शक्कल लढवली होती. नव्या फॉल्स सीलिंगसाठी लावलेल्या पत्र्याच्या सांगाड्यालाच तिने मापकं घट्ट आवळली होती. वहिनीने मान वर करून सांगाडा कशाला टांगलाय ते पाहिलं. त्याच तुळयांना.

तुळई खाली येई तसा सांगाडाही खाली येई, आणि मापकही. पोराच्या खांद्यावर मोजपट्टी टेकवून त्याची उंची वाढली का ते बघण्यातलाच प्रकार.

"बबडे, हे काय केलंस गं?" वहिनीच्या तोंडून घरचं लाडाचं नाव निघून गेलं.

मालकांनी चमकून बघितलं. नणंद लाल झाली, मग तिनेही वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती वहिनीच्या कानाशी आली. "आत्ताच सांगायला हवं का? उद्या गुपचूप पुन्हा करू."

"मजला तुझा लाडका आहे. पण त्यावर माणसं बसणार आहेत."

नणंदेने एक सुस्कारा सोडला आणि ती स्वतःच मालकांकडे वळली. "साहेब, मघाचे आकडे विसरा. मापकं बसवण्यात माझी चूक झाली."

"म्हणजे काँक्रीट?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे पुन्हा चाचणी," वहिनी म्हणाली.

पिंपं रिकामी झाली. खणलेल्या चरांवर जाड फळ्या टाकून जमिनीवरून स्टँड उभे केले, आणि पाणी पुन्हा चढू लागलं. आता काटे खरोखर फिरत होते. नणंद प्रत्येक तबकडीपाशी जाऊन आजारी माणसाचा ताप बघावा तशी बघत होती. टेबलं, खुर्च्या आणि माणसं यांच्या वजनापर्यंत तुळया हद्दीत राहिल्या. त्यापुढे, मालकांना वर ठेवायच्या होत्या त्या फायलींच्या लोखंडी कपाटांचं वजन पाण्यात मोजून घालू लागले, तसा मधला काटा भरभर पळायला लागला. वहिनीने हात वर केला. "बास. सोडा पाणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडताच नणंद आधी आत धावली. वहिनी मागून आली तेव्हा ती मधल्या मापकापाशी वाकून उभी होती.

"उठला गं वहिनी! बघ ना, जवळजवळ पूर्ण उठला."

वहिनीने चष्मा पुसून आकडा पाहिला, मग पुन्हा पाहिला. "उठलाय. माणसं वर बसतील. कपाटं मात्र खाली."

"खाली कुठे? खाली माझं कॅन्टीन आहे! त्या कमानींच्या खिडक्यांसमोर फायली रचू?"

"मग काँक्रीट घाल आणि कॅन्टीन ठेव."

नणंदेने खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्यात सुंदर उजेड तिथलाच होता. मग तिने पर्समधून पेन्सिल काढली, नकाशा भिंतीला लावला आणि खालच्या दालनावर मोठी फुली मारली.

"सही कर," ती म्हणाली. "आणि आज डबा तू भरायचास. मला सगळं नव्याने काढायचंय."