मी निळी, पण कुणाची?

मी बोलतेय. दचकू नका, तुमच्याआधी मीच दचकलेय. कपाटाचं दार नुसतं वाजलं तरी माझ्या बाह्या आखडतात. बोरीवलीच्या एका सोसायटीत, लोखंडी कपाटात, पैठणीच्या खाली मी घडी होऊन पडलेली असते. मी रग्बीची जर्सी. नंबर पंधरा, रंग निळा. इथपर्यंत माझी खात्री आहे. पुढचा सगळा गोंधळ.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. भानावर आले तेव्हा एका कुरळ्या केसांच्या फिलिपिनो पोराच्या अंगावर होते आणि समोर भारताचा संघ. भारतही निळंच घालतो म्हणे. पण दोन्ही संघ निळे झाले तर ओळखायचं कसं? म्हणून त्या दिवशी भारत पांढऱ्यात उतरला.

त्या पांढऱ्यातला पंधरा नंबर म्हणजे सुबोध. त्याचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. पंधरा नंबर म्हणजे फुलबॅक. बाकीचे एकमेकांना धरून झुंजतात, हा सगळ्यांच्या मागे एकटा उभा. चेंडू आभाळातून खाली येतो आणि त्याच्या पाठोपाठ धटिंगण धावत येतात. वर बघायचं की समोर? मी असते तर डोळेच मिटले असते. सुबोधनं वर बघितलं. पाच वेळा झेलला, पाच वेळा आडवा झाला, पाच वेळा उठला. संघ हरला तो हरलाच.

सामना संपल्यावर माझ्या पोरानं मला अंगातून ओढून काढलं आणि सुबोधसमोर धरलं. रग्बीत तशी रीत आहे, समोरच्या आपल्या नंबरवाल्याशी जर्सी बदलायची. सुबोधला ती ठाऊक नव्हती. हातात पांढरी घेऊन तो इकडेतिकडे बघत राहिला. नाही म्हटलं तर वाईट दिसेल, आपल्याला काय, दुसरी मिळेलच, असं काहीतरी मनात आलं असावं. दिली त्यानं. आणि मी चिखलानं माखलेली, परक्याच्या पिशवीत कोंबलेली. माझी काय अवस्था झाली असेल!

दुसरी मिळालीच नाही. पुढे तो आणखी दोन सामने खेळला, पण तेव्हा जर्सी धुऊन संघाकडे जमा करायच्या होत्या. मग गुडघा गेला. तीन सामन्यांची कारकीर्द, आणि घरात त्याची खूण म्हणून मी एकटी. तीही भलत्याच देशाची.

खरा घोळ घातला तो त्याच्या आईनं, वनमालाबाईंनी. पिशवी उघडली, निळा रंग दिसला आणि मला कपाळाला लावलं. "इंडियाची!" क्रिकेट बघणारं घर ते, निळं म्हणजे इंडिया. छातीवरची बारीक अक्षरं वाचतंय कोण? सुबोधनं तोंड उघडलं होतं, पण तोवर त्या मला घेऊन शेजारी पोचल्यासुद्धा. ते तोंड अकरा वर्षं मिटलेलंच राहिलं. दर दसऱ्याला माझ्या कॉलरला कुंकू लागतं. लबाड कोण, तो की मी? की कुणीच नाही?

गेल्या महिन्यात एका रविवारी किरण मॅडम घरी आल्या. मानखुर्दला त्या मुलींचा रग्बी संघ चालवतात, त्यांना प्रशिक्षक हवा होता. सुबोध हल्ली एका जिममध्ये लोकांनी टाकलेली वजनं उचलून जागेवर ठेवतो. हे काम त्याला किती हवं होतं, मला विचारा. आदल्या दिवशी कपाटाच्या आरशासमोर तो तीनदा 'नमस्कार मॅडम' म्हणाला होता.

चहा यायच्या आत वनमालाबाईंनी मला काढून मॅडमच्या मांडीवर पसरलं. "ही बघा मॅडम, इंडियाची. माझ्या झिलान घातलेली!" बाईंच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा.

मॅडमची बोटं माझ्या छातीवर थांबली. त्या स्वतः खेळलेल्या. त्यांनी वाचलं, आणि हळूच सुबोधकडे बघितलं. माझी शिवण न् शिवण ताठ झाली. गप्प बसला तर मॅडमपुढे खोटारडा, काम गेलं. बोलला तर आईपुढे खोटारडा.

"मॅडम, ही माझी नाय," सुबोध म्हणाला. "बदललेली आहे, फिलिपिन्सची. माझी पांढरी होती. आई, तुला मी कधी बोललोच नाय."

"म्हंजे अकरा वर्सां मी दुसऱ्याच्या झिलाच्या जर्सीक कुंकू लावतंय?" वनमालाबाई कडाडल्या. "मेल्या, तेवाच सांगूक काय झाला तुका?"

"तू एवढी खूश होतीस ना गं. म्हटलं, पुढची आणली की खरी दाखवीन."

मॅडमना हसू आवरेना. "पहिल्या मॅचची देऊन टाकलीस? अरे वेड्या, बाकीच्या बदलायच्या, पहिली ठेवायची असते. कुणी सांगितलं नाही तुला?"

"नाही."

"मग माझ्या पोरींना तू सांग. शनिवारी सकाळी सातला ये मानखुर्दला."

सुबोध नुसता मान हलवत राहिला, हो म्हणायचंच विसरला.

वनमालाबाईंनी मला उचललं. आता फरशी पुसायला जाणार मी, वाटलं. त्यांनी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "तुजी पांढरी खंय आसा मगे?"

"त्याच्या घरी असेल. मनिलात कुठेतरी."

"तेच्या आयशीन नीट ठेवल्यान आसात मां?"

त्या परक्या आईची चौकशी करता करता त्यांनी मला पुन्हा पैठणीखाली सरकवलं.

मी अजून इथेच आहे, आणि कुणाची ते अजूनही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे मनिलाला गेलंच आणि एखाद्या घरी पांढरी पंधरा नंबर दिसली, तर तिला सांगा, तुझा माणूस आता दर शनिवारी मानखुर्दला पोरींना आभाळाकडे बघायला शिकवतो. आणि जमलं तर माझा माणूस कसा आहे, तेही विचारून या. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.