कष्टमाईचा डोळा

दिंद्रुडच्या बाजारतळावर सकाळपासून माणूस मावत नव्हतं. प्रत्येकानं एक डोळा मिटला होता आणि दुसऱ्यासमोर भोक पाडलेली तांब्याची चकती धरली होती. कुणी टपरीची पाटी वाचत होतं, कुणी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. वाचता आलं की आरोळी उठे, "कष्टमाईच्या नावानं चांगभलं!"

मंडपात नेत्रानंद महाराज माईकवर गरजत होते. "डाक्टर म्हनतो लेझर! अरे, लेझर म्हंजे काय? 'ले' म्हंजे घे, आन् 'झर' म्हंजे झरा. माईचा झरा घे! चष्मा हंड्यात टाका, माईचा डोळा न्या. परचिती बगायची आसंल तर ती बगा, शहादेवाची सुरेखा!"

सगळ्या चकत्या सुरेखाकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. कारण ही देवी तिच्याच घरात जन्मली होती.

सुरेखा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लहानपणापासून तिला जाड भिंगाचा चष्मा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं संभाजीनगरला डोळ्यांचं लेझर करून घेतलं आणि बिनचष्म्याची घरी आली. आत्या साखराबाईनं विचारलं, "कशानं गं गेला चष्मा?"

"कस्टमाइज्ड लेझरनं, आत्या."

आत्या कानानं जरा जड. तिनं गावभर सांगितलं, आमच्या सुरीला कष्टमाई पावली. आठवड्याभरात देवीला गाजराच्या शिऱ्याचा नैवेद्य ठरला, आणि कुठून तरी महाराजही उगवले.

"अगं आत्या, कस्टमाइज्ड म्हणजे ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या मापाचं!"

"तेच म्हनते की मी. माई ज्याला त्याला मापानंच देती."



सुरेखाला खरी काळजी होती ती वडिलांची, आबांची. शहादेव माजलगावच्या फेऱ्यांवर काळी-पिवळी जीप चालवायचे. तिनं त्यांनाही त्याच डॉक्टरांकडं नेलं होतं. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "तुमच्या बुबुळाचा पडदा पातळ आहे. लेझर नको, चष्माच बरा." आबांनी ते मनाला लावून घेतलं. "त्या मशिनीला बी गरिबाचा डोळा नको वाटला," एवढंच ते परतीच्या वाटेवर बोलले. त्या बाजाराच्या सकाळी महाराजांच्या हंड्यात पहिला चष्मा पडला तो त्यांचा.

त्याच दुपारी ते गाडी भरून निघाले. उजव्या हातात स्टिअरिंग, डाव्या हातात डोळ्यापुढं चकती. मग गिअर कोण टाकणार? शेजारच्या सीटवर साखराबाई बसली होती.

"अक्के, दुसरा टाक!"

"दुसरा कंचा रे?"

"खाली वढ, खाली!"

साखराबाईनं देवीचं नाव घेऊन दांडा ओढला. गाडीनं उसळी घेतली. त्या एवढ्याशा भोकातून समोरचा रस्ता दिसत होता, पण बाजूनं येणारा शफीचा पेरूचा हातगाडा दिसला नाही. शफी गाडा सोडून उडाला, जीपनं वळण घेतलं आणि ती कडब्याच्या गंजीत घुसली. कुणाला खरचटलंही नाही, पण सगळ्यांच्या केसांत कडबा भरला.

"मामा, एवढा मोठा गाडा दिसला न्हाई का बे?" शफी ओरडला.

"आरं, गाडा भोकाच्या भाईर हुता!"

मंडपातून माईक कडाडला, "बगा, माईनं मऊ जागा निवडली!"

सुरेखा धावत आली आणि आबांच्या केसांतला कडबा काढू लागली. उद्या याच गाडीत तिच्या शाळेतली पोरं बसणार होती. तिनं आबांचा हात धरला आणि तडक मंडप गाठला. वाटेत गुटख्याची एक रिकामी पुडी उचलली, कुंपणाच्या बाभळीचा काटा तोडला आणि पुडीला बारीक भोक पाडलं.

"आबा, चकती खाली ठेवा. यातून ती शाळेच्या भिंतीवरची अक्षरं वाचा."

आबांनी पुडी डोळ्याला लावली. "इथं... थुंकू... नये." त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. "आयला! सगळं दिसतंय की!"

बाजारतळावर पुड्यांना काय तोटा! घटकाभरात अख्खा बाजार गुटख्याच्या पुडीतून जग बघू लागला.

"आता सांगा महाराज, या पुडीत कोणती माई बसली?"

 महाराजांनी हात वर केले. "माई सगळीकडं हाय! पुडीत बी हाय!"

आणि कहर म्हणजे, "चांगभलं!" म्हणत एका म्हातारीनं पुडीला कुंकू लावलं. सुरेखानं कपाळावर हात मारून घेतला. पण मग तिचा आवाज चढला. "माई सगळीकडं आहे ना? मग तुमची गरजच काय? आमचे चष्मे द्या परत!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. हंडा आडवा झाला आणि जो तो हाताला लागेल तो चष्मा नाकावर चढवू लागला.

"आरं, जमीन वर आली!"

"मला तर दोन महाराज दिसायलेत!"

दोनांपैकी एक खरोखरच पळत होता. शफीनं त्याला धरलं. चार हात मारायला उठले तशी सुरेखा आडवी आली. "हात लावू नका. जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसांत तक्रार देऊ."

मग तिनं माईक हातात घेतला.

"दुसऱ्याचा चष्मा चालतो का तुम्हाला? नाही. कारण प्रत्येकाच्या डोळ्याचा दोष वेगळा. डोळ्यात येणारा उजेड एका जागी जुळला नाही की धूसर दिसतं. बारीक भोक इकडंतिकडं पसरणारा उजेड अडवतं, म्हणून तेवढ्यापुरतं अक्षर ठळक होतं. भोक बाजूला केलं की डोळा होता तसाच! माझ्या उजव्या डोळ्यातले उंचसखल भाग डाव्यात नव्हते. यंत्रानं आधी दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा नकाशा काढला आणि त्या नकाशाबरहुकूम, जिथं जेवढा हवा तेवढाच, बुबुळाच्या पडद्याचा केसाएवढा बारीक थर काढला. तो नकाशा दुसऱ्या कुणाला लावला तर त्याचा डोळा बिघडेल. आबांचा पडदा पातळ होता, म्हणून डॉक्टरांनी यंत्र चालवलंच नाही."

 आबांना तोवर स्वतःचा चष्मा सापडला होता. तो पुसत ते पुढं आले.

"मला लई राग आलता त्या डाक्टराचा," ते म्हणाले. "समद्यांना हो म्हनणारा ह्यो भेटला तवा बरं वाटलं. पर त्यानं माजा डोळा तपासून न्हाई म्हनलं, आन् ह्यानं न बगताच हो म्हनलं. पोरं बसत्यात माज्या गाडीत. कुनाचं ऐकायचं हुतं मी?"

साखराबाईनं पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, "मग सुरे, कष्टमाई न्हाईच का गं?"

"नाही, आत्या."

"आन् शिऱ्याचं पातेलं?"

"ते आहे. वाढ सगळ्यांना."

लोकांनी शिरा खाल्ला आणि आपापला चष्मा शोधून घरी गेले. वाचकहो, उद्या तुमच्याही गावात कुणी सर्वांना एकच उपाय घेऊन येईल. त्याला एवढंच विचारा, हा उपाय कुणाला चालत नाही? ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती आपला डोळा देऊ नका.