बारावं विमान

"अहो, विमान तेच, पंप तोच! तुमचं समुद्रावर उडतं, आमचं जमिनीवर. पंपाला काय कळतंय, खाली पाणी आहे की माती?"

मामा फोनवर ओरडत होते. पलीकडे नौदलाचा स्टोअरकीपर. त्याच्या कपाटात तीन नवेकोरे पंप पडून होते.

"मामा, मी काय करू? तिन्ही दलांची खरेदी आता एकत्र ठरणार आहे. योजना पास होईपर्यंत उसनवारी बंद."

"कधी होणार पास?"

"बारा वर्षं चर्चा चाललीय. होईलच की आता."

मामांनी फोन आपटला. एकतीस वर्षं हवाई दलात मेकॅनिक म्हणून त्यांनी हीच लढाऊ विमानं जगवली होती. नवी येणार, येणार म्हणता म्हणता मामांचे केस पांढरे झाले. मग काय, याचा पंप काढून त्याला, त्याचं चाक काढून याला. सात नंबरच्या विमानाच्या पोटात इंधनाच्या पंपाच्या जागी नुसतं पत्र्याचं झाकण होतं. जमिनीवर इंजिन सुरू झालं असतं. उंचावर गेलं की गपगार.

आणि आज दुपारी समिती मोजायला येणार होती. बारा विमानं धड असली तर स्क्वाड्रन राहणार, नाहीतर मोडणार. धड होती अकरा.

"सात धड आहे म्हणून सही मारा, मामा," स्क्वाड्रनचे साहेब म्हणाले. "उडवतंय कोण? मोजतील आणि जातील."

"आज बारा दाखवली तर उद्या म्हणतील, भरपूर आहेत की, नवी कशाला?"

"आणि अकरा दाखवली तर स्क्वाड्रनच नाही. मग नवी ठेवायची कुणाच्या अंगणात? बोला!"

इकडे आड, तिकडे विहीर. सगळ्या पोरांचं बस्तान उठलं असतं. मामांनी सही मारली. एकतीस वर्षांतली पहिली खोटी.

समितीच्या प्रमुख बाई बोट दाखवत मोजत गेल्या. बारा भरली. साहेबांनी श्वास सोडला, तेवढ्यात बाई सातपाशी थांबल्या. उडतच नसल्यामुळे सगळ्यांत चकाचक तेच होतं.

"हे छान ठेवलंय. एक चक्कर दाखवा की."

"मॅडम, दुसरं तयार आहे..."

"का? याच्यावर सही आहे ना?"

वैमानिक पोरगी हेल्मेट घेऊन पळत आलीसुद्धा. शिडीवर पाय ठेवून हसली. "मामांची सही म्हणजे मी डोळे झाकून जाते."

मामांनी शिडी धरली.

"उतर खाली."

"का हो?"

"उतर म्हणतो ना! पंप नाहीये त्यात."

त्यांनी बाईंच्या हातातला कागद मागून घेतला, स्वतःच्या सहीवर रेघ मारली आणि बाराचे अकरा केले.

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कळतो की. पंप दोन तासांवर आहे, बाई. नौदलाच्या कपाटात. तुमची योजना तेवढी पास व्हायचीय."

बाईंनी यातलं काहीच लिहून घेतलं नाही. गाडी निघून गेली.

सात परत शेडमध्ये न्यायचं होतं. विमान ओढायचा ट्रॅक्टर महिनाभर बंदच होता. मामांनी एका पंखाला खांदा लावला. पोरगी दुसऱ्या पंखाकडे गेली. पाठोपाठ एकेक जण आला. शेवटी साहेबांनी टोपी काढून खिशात कोंबली आणि तेही लागले ढकलायला.

"सावकाश रे," मामा म्हणाले. "रंगाला ओरखडा नको."