जिभेखालची गोळी

आई, मुलगा आणि सून आमच्या इस्पितळात आले होते सुनेच्या तपासणीला, मूल होत नाही म्हणून. रांगेतच मुलाच्या छातीत कळ आली आणि स्ट्रेचर माझ्यासमोर आलं. माझा आधीचा नवरा. मागे त्याची आई, तिच्यामागे नवी बायको.

मला पाहून आईचं तोंड कडू झालं. "दुसरी नर्स नाही का?"

"आहे. जेवायला गेलीय."

याच बाईने सगळ्या नातेवाइकांत डंका पिटला होता, सून वांझ निघाली म्हणून. तिचा मुलगा लग्नापासून भिंतीकडे तोंड करून झोपायचा, हे मी कुणाला सांगणार? पिशवी उचलून मी निघाले तेव्हा त्याने चकार शब्द काढला नाही. तो राग मी गिळलाच नव्हता.

कामात मात्र कसूर केली नाही. ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली, सुई लावली. डॉक्टर म्हणाले, "रक्तदाब ठीक आहे. जिभेखाली गोळी द्या, नेहमीचं विचारून."

नेहमीचं म्हणजे एकच प्रश्न. पुरुषी ताकदीची गोळी घेतलेल्याला ही जिभेखालची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली, तर रक्तदाब धाडकन कोसळतो, जीवही जातो. विचारताना पडदा ओढायचा असतो, आवाज खाली आणायचा असतो. मी दोन्ही केलं नाही.

"एक-दोन दिवसांत ताकदीची गोळी घेतली होती का? पुरुष घेतात ती?"

"काहीतरीच!" आई उसळली. "माझ्या मुलाला कशाला हव्यात असल्या गोळ्या? खोट तुझ्यात होती!"

"तुम्ही सांगा," मी त्यालाच म्हणाले. "नाही म्हणालात, तर ही लगेच देते."

गोळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो घामाने निथळत होता. मला जराही दया आली नाही.

"काल," तो पुटपुटला.

"मोठ्याने. डॉक्टरांना ऐकू यायला हवं."

"काल घेतली! नेहमीच घेतो! तरी काही होत नाही!"

गोळी मी ट्रेमध्ये परत ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं तसं मॉर्फिन हळूहळू शिरेतून सोडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याला वाटायला जरा वेळ लागला.

त्याची आई खिडकीकडे बघत बसली. नवी बायको इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आई, माझी तपासणी आता कशाला? घरी सगळ्यांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

त्या तिघांना आत ठेवून मी पडदा ओढला.