ज्वारी जगली, तूर जळली

पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात हैदराबादजवळच्या कुकटपल्लीच्या शिवारात नुसती माणसं लोटली होती. क्षालनबाबा पितळी झारीतून ज्वारीवर तीर्थ शिंपडायचा आणि थोड्याच दिवसांत तण पिळवटून मरायचं. ज्वारी मात्र हिरवीगार!

"तण म्हणजे पाप!" बाबा गरजायचा. "माझं तीर्थ पाप जाळतं, पुण्याला धक्का लावत नाही. फेका ती खुरपी!"

"हौ महाराज, हौ!" गर्दी डोलायची.

आज त्या गर्दीत सुशीलाबाई हात न जोडता उभ्या होत्या. त्या हैदराबादेत नल्लकुंट्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. धाकटी बहीण तारामती इथल्याच दिगंबरला दिलेली. तिचा गणू गेल्या वर्षी घटसर्पाने गेला. यंदा एकट्या तिनेच ज्वारीत स्वतःच्या हाताने तूर पेरली. तीर्थ पडलं, ज्वारी जगली, तूर जळली. बाबाने भर गर्दीत तिच्याकडे बोट केलं, "जिच्या हातची तूर जळते, तिनेच आपलं पोर खाल्लं!"

दिगंबरने तिला बहिणीच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून शेजारचं मूल अंगणात आलं, की तारामती आत जाऊन कडी लावून घ्यायची. "माझा हात नको लागायला," म्हणायची. रडायची मात्र नाही.

सुशीलाबाईंनी भक्त बनून तीर्थ मिळवलं. त्याला औषधाचा उग्र वास होता. परदेशात तण मारणारं नवं औषध निघाल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी ते तीर्थ घरच्या कुंड्यांत शिंपडलं आणि आज त्याच कुंड्या टांग्यातून आणून बाबापुढे मांडल्या.

"हे तुमचंच तीर्थ. ज्वारी जगली, गवत जगलं, तुळस मेली. तुळस पापी, बाबा?"

"तुझ्या हाताचा दोष!"

"मग तुमच्या हाताने घाला. तुमच्या मठापुढच्या तुळशीवर. आत्ता."

बाबाचा हात झारीकडे गेलाच नाही.

"हे औषध आहे," सुशीलाबाई लोकांकडे वळल्या. "रुंद पानांची झाडं त्याने वेडीवाकडी वाढून मरतात. ज्वारी गवताच्या कुळातली, तिला ते सोसतं. तूर रुंद पानांची, म्हणून ती मेली. माझ्या बहिणीने काही केलं नव्हतं!"

त्याच संध्याकाळी दिगंबर नल्लकुंट्याला आला. "चुकलो," म्हणाला. "घरी चल."

तारामतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ताई, म्हणजे माझ्या हाताने नाही ना गेला?"

"नाही गं. घटसर्पाने गेला."

मग ती रडली. गणूला हाका मारत, भुईवर हात आपटत, पोर गेल्यापासून पहिल्यांदाच. दिगंबर दाराशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही. अंधार पडल्यावर तो एकटाच परत गेला.

औषधाला पाप-पुण्य कळत नाही. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, 'हेच दुसऱ्या झाडावर करून दाखवा.' त्या शिवारात एकानेही तेवढं विचारलं असतं, तर आपणच आपलं पोर मारलं असं एका आईला वाटलं नसतं.